लागला

नूरा वस्तादांच्या तालमीत पहिलं हत्यार मिळायचं
ते झाडू.
सहा महिने माती लोटायची, मग हातात फरी,
गदका त्याच्याही नंतर.
"आधी अंग झाकायला शिक," म्हणायचे,
"मारायला काय, गाढवपण मारतंय."

दिवसा ते शिकलगार.
पापाच्या तिकटीजवळ, तांबटाच्या दुकानाला पाठ लावून
पायानं चाक फिरवत बसायचे.
विळ्या, अडकित्ते, शिंप्यांच्या कात्र्या,
न्हाव्यांचे वस्तरे, मटणमार्केटातले सुरे.
अर्ध्या गावाची धार त्यांच्या अंगठ्यावरून गेली
आणि अंगठ्यावर रेघ राहिली नाही.
म्हातारपणी रेशनच्या मशीनला तो अंगठा कळेना.
"म्हंजे मी न्हाईच की काय रे?"
रांगेतले सगळे हसले. तेही.

संध्याकाळी तालीम.
पट्ट्याच्या खोबणीत मनगट अडकलं की
नुसत्या हाताला काही करता येत नाही.
वळायचं तर खांद्यानं, कमरेनं,
अख्ख्या माणसानं वळायचं.
जमिनीवरचं लिंबू, डोळ्यांवरची पट्टी,
ते जत्रेपुरतं. खरं काम मागच्या पायाचं.

नियम एकच.
ज्याला लागलं त्यानंच म्हणायचं: लागला.
पंच नाही, शिट्टी नाही,
नाही म्हणालास तर कुणी विचारणार नाही.

मी एकदा म्हणालो नाही.
गदका काखेत घासून गेला होता,
समोर साळोख्यांचा बजरंग, बघ्यांत माझा मामा,
आणि मी अठरा वर्षांचा.
जिंकलो. वस्तादांनी पाठीवर थाप दिली.
दुसऱ्या दिवशी, एक शब्द न बोलता,
झाडू दिला हातात.
परत सहा महिने.

त्यांचं स्वतःचं मी ऐकलेलं, बघितलेलं नाही:
पंचगंगेच्या घाटावर मिरजेचा आखाडा आला होता,
चांदीचं कडं लावलेलं.
वस्ताद वरचढ, हलगी टिपेला,
लोक खांद्यावर घ्यायला पुढं सरकलेले,
तेवढ्यात यांनी हात वर करून हलगी थांबवली.
"लागला."
कुठं? कुणी बघितलं नव्हतं.
मारणाऱ्यालासुद्धा पत्ता नव्हता.
बाही वर केली तर कोपराला
टिकलीएवढं लाल.
कडं मिरजेला गेलं.
"दोन महिन्यांचं भाडं हुतं त्यात,"
चाची सांगायच्या, चहा जरा जोरातच आपटत.

मी उद्यमनगरात लेथवर असतो.
पोरगी प्रांजल, तिची तलवार वेगळी:
तोंडावर जाळी, पाठीला वायर,
टोक टेकलं की दिवा.
तिला घेऊन गेलो. तोवर मोतीबिंदू पिकलेला.
त्यांनी पातं अंगठ्यावर घेतलं.
"धार न्हाई?"
"नाही आजोबा. टोकाला बटण आहे. लागलं की दिवा लागतो."
बराच वेळ गप्प.
"आणि दिवा बिघडला तर?"
प्रांजल माझ्याकडं बघायला लागली.
मग काठीनं तिच्या टाचेला डिवचून म्हणाले,
"मागला पाय झोपलाय तुजा. उठीव."

ते गेले तेव्हा मयतीला
पोलिसातले, फौंड्रीतले, दूध संघाचे ड्रायव्हर,
एक न्हावी दुकान बंद ठेवून आला होता.
माती देताना बजरंग माझ्या शेजारी होता.
त्याला तेव्हाचं सांगावं असं आलं मनात.
नाही सांगितलं.

परवा जिल्ह्याची निवड झाली. प्रांजल एका गुणानं आत.
रंकाळ्यापर्यंत गाडीवर काही बोलली नाही.
मग मागून, हेल्मेटमधून,
"बाबा, शेवटी दिवा लागला नाही. पण लागला होता."

मी गिअर बदलला.
घरी आलो. झाडू दाराआड उभा होता,
रोजच्याच जागी.
मी त्याच्याकडं बघत उभा राहिलो.
"उद्या सातला शाळा आहे," म्हणाली ती,
आणि दिवा घालवून झोपली.